टायटॅनिक दुर्घटना : अभ्यासकांसाठी महाजालावरील साधने

टायटॅनिक हे प्रवासी जहाज १४ एप्रिल १९१२ रोजी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी उत्तर अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळले आणि १५ एप्रिलच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडाले. सुमारे १,५०० जणांना जलसमाधी मिळाली. या दुर्घटनेवर पुस्तके आणि चित्रपट विपुल आहेत. मूळ कागदपत्रे मात्र अनेक दशके मोजक्या अभिलेखागारांपुरती मर्यादित होती. त्यांतील बराच भाग आता महाजालावर उपलब्ध असल्याने ऐकीव कथा आणि नोंदलेला पुरावा यांतील फरक सामान्य वाचकालाही तपासता येतो.

चौकशांतील साक्षी

अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने सिनेटर विल्यम आल्डेन स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली १९ एप्रिल १९१२ रोजी न्यूयॉर्क येथे चौकशी सुरू केली. ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्यापुढे २ मेपासून चाललेल्या चौकशीत २५,००० हून अधिक प्रश्न विचारण्यात आले. दोन्ही चौकशांचा शब्दशः वृत्तांत ‘टायटॅनिक इन्क्वायरी प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

या साक्षींचे मोल एका उदाहरणावरून ध्यानात येते. जहाज अखंड बुडाले, असे द्वितीय अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी सांगितले, तर ते दुभंगल्याचे खलाशी एडवर्ड ब्युली आणि फ्रँक ऑस्मन यांनी सांगितले. ब्रिटिश अहवालाने जहाज दुभंगले नसल्याचा निर्वाळा दिला. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला सुमारे ३,८०० मीटर खोलीवर अवशेष सापडले, ते दोन भागांत. खलाशांचे म्हणणे ७३ वर्षांनी खरे ठरले.

व्यक्ती आणि आकडे

१९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘एन्सायक्लोपीडिया टायटॅनिका’वर प्रवासी आणि कर्मचारी यांची चरित्रात्मक माहिती आहे. मृतांची संख्या अमेरिकी अहवालात १,५१७, तर ब्रिटिश अहवालात १,४९० अशी आहे. प्रवासी याद्यांतील त्रुटींमुळे हा फरक पडला. त्यामुळे आकडा देताना तो कोणत्या अहवालातील आहे, हे नमूद करणे आवश्यक ठरते.

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर समुद्रातून काढलेल्या मृतदेहांच्या नोंदी आहेत. हॅलिफॅक्स शहरात १५० जणांचे दफन झाले. तेथील एका अज्ञात बालकाची ओळख २००२ मध्ये फिनलंडचा एइनो पानुला अशी जाहीर झाली होती. पुढील डीएनए तपासणीनंतर ते बालक इंग्लंडचा सिडनी गुडविन असल्याचे निष्पन्न झाले. जुन्या लेखांत पहिलेच नाव आढळते. त्यामुळे लेखनाचे वर्ष पाहणे महत्त्वाचे.

समकालीन वृत्तपत्रे

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात १९१२ मधील वृत्तपत्रे पाहता येतात. सर्व प्रवासी सुखरूप असल्याच्या बातम्याही त्या दिवसांत छापल्या गेल्या होत्या. जुना छापील मजकूर म्हणजे विश्वसनीय पुरावा नव्हे, याचे हे ठळक उदाहरण.

भारताशी संबंध

या नोंदींत भारतातून निघालेले प्रवासीही आढळतात. आजच्या छत्तीसगडमधील जांजगीर येथे मुलींची शाळा चालवणाऱ्या अमेरिकी मिशनरी ॲनी फंक आजारी आईला भेटण्यासाठी मुंबईहून निघाल्या होत्या. संपामुळे कोळशाची टंचाई असल्याने त्यांना ठरलेल्या जहाजाऐवजी टायटॅनिकने जावे लागले. १२ एप्रिल रोजी त्यांना ३८ वर्षे पूर्ण झाली. तीन दिवसांनी त्या बुडाल्या. गुंटूर येथे जन्मलेली १२ वर्षांची रूथ बेकर मात्र १३ क्रमांकाच्या जीवनरक्षक नौकेतून वाचली. तिची आई आणि दोन भावंडेही बचावली.

एखादी माहिती ग्राह्य धरण्यापूर्वी ती साक्ष, प्रवासी यादी किंवा दफनाच्या नोंदीशी ताडून पाहावी. १,५०० हा आकडा अशा एकेका नावाने बनलेला आहे.