सेमाडोह : नांव, नदी आणि पुरावा

गाविलगडाचा इतिहास लिहितांना साधनांची वाण पडत नाहीं. इ. स. 1425 च्या सुमारास अहमदशहा वली बहमनीनें तो बांधिला, ता. 15 डिसेंबर 1803 रोजीं आर्थर वेलस्लीनें तो भोसल्यांकडून घेतला, आणि दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. त्याच मेळघाटांत, परतवाड्याहून धारणीस जाणाऱ्या वाटेवर, सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह हें कोरकू वस्तीचें गांव आहे. किल्ल्यासारखीं साधनें अशा गांवास लाभत नाहींत. म्हणून त्यास इतिहासच नाहीं असें मानणें सयुक्तिक नव्हे.

पहिला पुरावा नांवांचा. ‘डोह’ हा संस्कृत ‘ह्रद’ या शब्दाचा तद्भव. नदीचें नांव मात्र संस्कृतांत शोधणें व्यर्थ होय. कोरकू भाषेंत ‘सिपना’ म्हणजे सागवान. आणि ही भाषा मुंडा कुळांतील, मराठीशीं वा गोंडीशीं तिचा वंशसंबंध नाहीं. ‘सेमा’ या पूर्वपदाचा विचारही प्रथम कोरकू वृद्धांस पुसून करावा. त्यावर एखादा संस्कृत धातु लादूं नये.

दुसरा पुरावा लांकडाचा. मृताच्या ‘सिडोली’ विधींत कोरकू लोक कोरीव स्तंभ उभारतात. त्यास ‘मुंडा’ म्हणतात. त्यावर सूर्यचंद्र कोरलेले असतात. आपल्या दानलेखांच्या शिळांवरही तींच चिन्हें येतात. तेथें त्यांचा आशय ‘आचंद्रार्क’ असा असतो. शिळा शतकें टिकते, लांकूड कुजतें; एवढ्याच कारणानें एकीस साधन म्हणावें व दुसऱ्यास म्हणूं नये, हा न्याय नव्हे.

इ. स. 1853 त वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें मेळघाटचें अरण्य राखीव झालें आणि सरकारी दफ्तरांत मनुष्यापेक्षां वृक्षास अधिक जागा मिळाली. 1974 त येथें व्याघ्रप्रकल्प झाला. 2000 नंतर कोहा, कुंड व बोरी हीं मेळघाटांतील गांवें अकोट भागांत हलविण्यांत आलीं. गांव उठलें कीं घरें नवीं बांधतां येतात. मुंडे मात्र मागें राहतात.

2006 च्या वनहक्क कायद्याखालील 2008 च्या नियमांनीं वृद्धांचें लिहून घेतलेलें कथन, दफनभूमि व पवित्र स्थळें हीं पुराव्यांत धरिलीं आहेत. जें कायद्यानें ग्राह्य मानिलें, तें इतिहासानें त्याज्य मानूं नये. सेमाडोहच्या परिसरांतील मुंड्यांचीं रेखाटनें, ओढ्यांचीं व टेकड्यांचीं कोरकू नांवें आणि वृद्धांचीं कथनें सत्वर टिपून घ्यावींत. कारण हें दफ्तर वाळवीच्या आणि वार्धक्याच्या स्वाधीन आहे.