६४९ रुग्ण आणि दोन अपवाद

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने ६१२ मृत्यू नोंदवले गेले. १९४७ साली हाच आकडा ९,२८७ झाला. पंचवीस वर्षांत पंधरापट! हा रोग एवढा कशामुळे फैलावला, याचा तपास आणि तो तपास हाणून पाडण्यासाठी झालेली खटपट, हा आजच्या धाग्याचा विषय. 🧵

आरंभी संशयितांची यादी लांबलचक होती. मोटारींचा धूर, रस्त्यांवरचे डांबर, गिरण्यांची काजळी, पहिल्या महायुद्धातील विषारी वायू. काहींच्या मते रोग वाढलाच नव्हता. क्ष-किरणांमुळे तो ओळखता येऊ लागला होता, एवढेच. तंबाखूचे नाव यादीत होते, पण त्यावर फारसा कोणाचा भर नव्हता. बहुसंख्य पुरुष, त्यात डॉक्टरही, धूम्रपान करीत. जे सगळेच करतात त्यावर संशय घेणे अवघड असते.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने हे काम दोघांवर सोपवले. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना खरे तर डॉक्टर व्हायचे होते. पण पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठले आणि ते स्वप्न मागे पडले. अंथरुणावरूनच पत्रद्वारा अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते संख्याशास्त्राकडे वळले. दुसरे रिचर्ड डॉल, तरुण डॉक्टर. ते स्वतः सिगारेट ओढत आणि त्यांचा संशय होता रस्त्याच्या डांबरावर.

पद्धत साधी होती. लंडनमधील वीस रुग्णालयांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण आढळला की त्याला सविस्तर प्रश्न विचारायचे. मग त्याच वयोगटातील, पण हा रोग नसलेल्या दुसऱ्या रुग्णाला तेच प्रश्न. निष्कर्ष सप्टेंबर १९५० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे होते अवघे दोन. तुलनेसाठी घेतलेल्या ६४९ जणांत असे २७ होते. शिवाय सिगारेटींची संख्या वाढत जाई तसा धोकाही चढत जाई.

यातील एक बारकावा फार सुंदर आहे. काही रुग्णांचे निदान पुढे चुकीचे ठरले. मुलाखतीच्या वेळी सर्वांनी त्यांना कर्करोगाचे रुग्ण मानले होते, प्रत्यक्षात त्यांना तो नव्हता. प्रश्न विचारणाऱ्यांच्या पूर्वग्रहाने आकडे वाकले असते, तर या रुग्णांच्या सवयीही कर्करोग्यांसारख्याच नोंदल्या गेल्या असत्या. त्या निघाल्या निरोगी फुफ्फुसांच्या गटासारख्या! डॉल यांनी स्वतःची सिगारेट याच काळात सोडली.

हे दोघे पहिले होते काय? नाही. जर्मनीत १९३९ मध्ये म्युलर आणि १९४३ मध्ये शायरर व श्योनिगर यांनी हाच संबंध दाखवला होता; पण नाझी राजवटीतील ते संशोधन युद्धानंतर अडगळीत पडले. अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांचा अहवाल मे १९५० मध्येच आला होता. हे एव्हार्ट्स ग्रॅहम म्हणजे १९३३ मध्ये कर्करोगग्रस्त संपूर्ण फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढणारे शल्यचिकित्सक. स्वतःच्याच अभ्यासाने पटल्यावर त्यांनी अनेक वर्षांची सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुफ्फुसाच्या कर्करोगानेच गेले. १९३३ चा तो रुग्ण त्यांच्या पश्चातही जिवंत होता.

आता प्रतिपक्ष. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत सिगारेट कंपन्यांचे संयुक्त निवेदन झळकले: पुरावा निर्णायक नाही, आम्ही स्वतः संशोधनाला साहाय्य करू. भाषा किती सभ्य! आतली भाषा निराळी होती. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हेच आपले उत्पादन’ अशा आशयाचे विधान सापडते. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरही विरोधात उभे राहिले; सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा त्यांचा मुद्दा तर्कदृष्ट्या खोटा नव्हता. मात्र ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, हेही नोंदवले पाहिजे. २००६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने कंपन्यांना जनतेच्या फसवणुकीबद्दल दोषी धरले.

ही शंका इतकी वर्षे टिकली कशी? कारण सिगारेट आज पेटते आणि रोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये श्वासमार्गाच्या पेशींतील डीएनएवर घाव करतात. ते घाव साठत जातात. पहिल्या महायुद्धात खंदकांतून फैलावलेल्या सवयीचा हिशेब १९४७ च्या आकड्यात दिसला, तो त्यामुळेच. कंपन्यांचा सारा व्यवसाय मधल्या काळावर चालला.

‘बिडी म्हणजे पानच, सिगारेटपेक्षा बरी’ हा आपल्याकडचा समजही आकड्यांपुढे टिकला नाही. मुंबईत डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांतही फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी अधिक आढळला.

आणि वेप? आजची ई-सिगारेट चीनमधील औषधतज्ज्ञ हॉन लिक यांनी २००३ च्या सुमारास घडवली. त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानेच गेले होते. तिच्यात तंबाखू जळत नाही, म्हणून कर्करोगकारक द्रव्ये सिगारेटपेक्षा कमी असतात, हे खरे. पण निकोटीनचे व्यसन तेच. वाफेत फॉर्मल्डिहाइड आणि सूक्ष्म कणही सापडतात. भारताने २०१९ मध्ये कायद्याने तिची विक्री बंद केली. जगभर ती खरी पसरली २०१० नंतर. म्हणजे १९२२ ते १९४७ इतका अवधी तिला अजून मिळालेलाच नाही, आणि ‘सिद्ध कुठे झाले आहे?’ हा १९५४ चा प्रश्न पुन्हा ऐकू येतो.

जाता जाता. हिल आणि डॉल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. चाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली. या मंडळींवर पन्नास वर्षे नजर ठेवली गेली. २००४ मध्ये ९१ वर्षांच्या डॉल यांनी सहकाऱ्यांसह अंतिम निष्कर्ष मांडले: सिगारेट न सोडणारे सरासरी दहा वर्षे लवकर गेले. साठीत सोडणाऱ्यांनी त्यांतली तीन वर्षे वाचवली, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ दहाही.