बिडी, क्षयरोग आणि एचआयव्ही : बाबू हरदासांचा विसरलेला वारसा

'जयभीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. आपल्या तरुणांना ठाऊक आहेत. पण कामठीच्या बिडी मजुरांना त्यांनी संघटित केले, हे किती जणांना माहीत आहे? १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, क्षयरोगाने गेले.

बिडी वळणारे हात आपले आणि ती ओढून झिजणारी फुप्फुसेही आपलीच. हाच इतिहास आज जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत नव्या रूपात उभा आहे. एचआयव्हीमुळे क्षयरोगाचा धोका वाढतो, धूम्रपानानेही वाढतो. एकाच देहावर हे दोन्ही घाव पडत आहेत.

एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये भेदभावाविरुद्ध कायदा झाला. माणसे जगू लागली. पण बिडीचा प्रश्न तसाच राहिला. डेन्मार्कमध्ये उपचार चांगले मिळत असतानाही, एचआयव्हीसह जगणाऱ्या धूम्रपानींची सुमारे १२ वर्षे धूम्रपानाने आणि सुमारे ५ वर्षे एचआयव्हीने हिरावली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

मग दोष कुणाचा? 'व्यसनीच तो, भोगतोय कर्माची फळे,' असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : हा कर्मविपाक आपण १९५६ मध्ये नागपुरात सोडून आलो ना? मुंबई-आग्रा महामार्गावरचा ट्रकचालक, बाजार समितीतला हमाल, उसाच्या फडात राबणारा मजूर यांची बिडी भूक मारते, झोप पळवते, घडीभर विसावा देते. त्यात एचआयव्हीचा कलंक आला की ती आणखी घट्ट धरली जाते. पाचवे शील स्वतः घ्यायचे असते. दुसऱ्याच्या पाठीत मारायची ती काठी नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक एआरटी केंद्रात गोळ्या देताना तंबाखूबद्दलही, न ओरडता, विचारावे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत निकोटिन पर्यायी उपचार आहे, तो तिथेच मोफत मिळावा. १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक भिंतीवर लावावा.

आणि कार्यकर्त्यांनो, विहारात धूम्रपानाचे दुष्परिणाम सांगून थांबू नका. सोडणाऱ्याबरोबर सोडण्याची तारीख ठरवा. पहिले काही आठवडे तलफ फार छळते, तेव्हा रोज भेटा. पुन्हा ओढली तर हिणवू नका, पुन्हा तारीख ठरवा. त्याचा आजार मात्र त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नका.

हरदासांनी बिडी मजुराला माणूस म्हणून उभे केले. बिडी ओढणाऱ्या रुग्णालाही तसेच उभे करणे, हे आपले काम आहे.

जयभीम!