शंभर टँकरांत एक ग्रॅम : मोहने, उल्हास नदी आणि पाऱ्याचे मोजमाप

१/ पिण्याच्या एका लिटर पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे आयएस १०५०० हे भारतीय मानक सांगते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर भरले, तर त्या साऱ्यांत मिळून केवळ एक ग्रॅम! या विषाला रंग नाही, वास नाही. मग ते ओळखायचे कसे?

२/ मोहने हे कल्याणजवळचे, उल्हास नदीकाठचे गाव. येथील बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गोडे पाणी उचलले जाते; खाली खाडीचे राज्य सुरू होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर येथे रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि नदीकाठी उद्योगांचा पट्टा वाढत गेला.

३/ रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. तो मिठाच्या द्रावणातून विजेच्या साहाय्याने काढण्याची १८९२ पासूनची एक पद्धत पाऱ्याच्या घटांवर चाले. अशा कारखान्यांच्या सांडपाण्यातून थोडा थोडा पारा बाहेर पडे.

४/ थोडा म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता गावाने जगाला दाखवले. तेथे माशांतून पारा माणसांच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचला होता. महाराष्ट्राने जलप्रदूषणविरोधी कायदा १९६९ मध्ये केला. परंतु कायद्याला आकडा लागतो.

५/ आकड्याची वाट ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये दाखवली : प्रत्येक धातूचे अणू ठरावीक प्रकाशच शोषतात. १९६८ मध्ये हॅच आणि ऑट यांनी पाऱ्यासाठी सुटसुटीत रीत मांडली. नमुन्यातील पारा मुक्त करून त्याची वाफ नळीत न्यावी, तीतून २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडावा. प्रकाश जितका घटला, तितका पारा अधिक.

६/ यंत्राइतकीच बाटली महत्त्वाची. पाण्यातला धातू तिच्या भिंतीला चिकटतो. म्हणून नमुना घेताच त्यात आम्ल घालतात. अस्वच्छ बाटलीने मात्र नसलेले विषही ‘सापडते’.

७/ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे व देसाई यांनी १९८१ मध्ये ठाणे खाडीतील पाऱ्याची मोजणी प्रसिद्ध केली. २००३ मध्ये उल्हास खाडीच्या गाळाचा अभ्यास आला. पाऱ्याच्या घटांचा काळ त्या गाळात थरांथरांनी साठलेला आढळला.

८/ हा पारा खाडीच्या गाळातला, नळाच्या पाण्यातला नव्हे. पण धडा दोहोंना लागू आहे : पाण्याचा एक नमुना त्या दिवसापुरतीच साक्ष देतो. पाणी वाहून जाते, गाळ मागे राहतो. म्हणूनच बंधाऱ्याच्या वरचे पाणी पुन्हा पुन्हा मोजावे लागते.