मुंबईची पांजरपोळ

उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारावीत व दर कुत्र्यामागे इनाम मिळावे, असा कंपनी सरकारचा जो हुकूम मुंबईत जारी होता, त्याच्या लोभाने शिपाई घरांतल्या पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले, तेव्हा ज्यांच्या धर्मात श्वानाला पवित्र स्थान आहे त्या पारशांचा क्षोभ जून १८३२ मध्ये कोटात उसळला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, जैन व हिंदू व्यापारीही त्यांना मिळाले आणि फौजेची रसद अडली. (रसदीची भाषा सरकारास नेहमीच लवकर कळते!) पुढे दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरानजीक पांजरपोळ स्थापन झाली आणि व्यापाऱ्यांनी मालावर बसवून घेतलेल्या लागेतून तिचा खर्च चालू लागला. जराजर्जर बैलास मरेपर्यंत चारा पुरविणाऱ्या या भूतदयेने, तो धडधाकट असता त्याच्या मानेवर किती ओझे लादावे, हा प्रश्न मात्र फारसा उपस्थित केला नाही. तो फिर्यादीच्या रूपाने चव्हाट्यावर आणण्याचे काम १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक मंडळीने हाती घेतले, पण तिच्या तडाख्यात सापडे तो गाडीवान. माल लादविणारे शेठजी, माझ्या समजुतीप्रमाणे, क्वचितच.