रेषेबाहेरचे मास्तर

दिवाळीच्या सुटीत मोलगीतले शाळेचे मैदान ओस पडत असेल, असे नव्या माणसाला वाटते. तसे होत नाही. तिकडे अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेकरूंची रीघ लागलेली असते, आणि इकडे उन्हे कलली की पाड्यापाड्यांवरची पोरे मैदानावर जमतात. सागाचे दोन खांब, मध्ये चार ठिकाणी गाठी मारलेली जाळी आणि रंग उडालेला एक चेंडू. एवढ्या भांडवलावर व्हॉलीबॉलचा खेळ अंधार पडेपर्यंत चालतो.

गेल्या दिवाळीत सातवीतल्या एका पोराने मला विचारले, "गुरुजी, हा खेळ काढला कोणी? आणि आपल्याकडे आणला कोणी?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याचे शोधताना मात्र मला एका माणसाचे चरित्र सापडले.

हा खेळ काढला तो एका व्यायामशिक्षकाने. विल्यम मॉर्गन त्याचे नाव. अमेरिकेतल्या होलिओक गावी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या, म्हणजे वाय.एम.सी.ए.च्या, व्यायामशाळेत तो नोकरीला होता. त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक व्यापारी आणि पोक्त वयाचे. जवळच्या स्प्रिंगफील्ड गावात १८९१ साली निघालेला बास्केटबॉल या मंडळींना झेपेना. धावून धावून धाप लागे, धक्के बसत ते वेगळेच. तेव्हा १८९५ साली मॉर्गनने साडेसहा फुटांवर जाळी बांधली आणि एक साधी युक्ती केली. दोन्ही पक्षांच्या मध्ये जाळी असल्यामुळे कोणी कोणाच्या अंगावर जायचे नाही. चेंडू तेवढा जाईल. खेळाचे नाव त्याने ठेवले 'मिंटोनेट'. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डच्या कॉलेजात हा खेळ दाखवला गेला, आणि हॅल्स्टेड नावाच्या प्राध्यापकाने सुचवल्यावरून 'व्हॉलीबॉल' हे नाव पडले.

दुकानात बसून सुटलेल्या पोटांसाठी निघालेला हा खेळ सातपुड्याच्या काटक पोरांनी आपलासा करावा, ही गंमतच म्हणायची. पण ही गंमत आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे एका माणसाचे आयुष्य आहे.

हॅरी क्रो बक यांचा जन्म १८८४ साली पेनसिल्व्हेनिया प्रांतात झाला. शिक्षण झाले त्याच स्प्रिंगफील्डच्या कॉलेजात. १९१९ साली ते वाय.एम.सी.ए.च्या कामासाठी मद्रासेस आले. तोवर आपल्याकडे शाळेतला व्यायाम म्हणजे बहुधा कवायत. आणि कवायत शिकवायला पलटणीतून निवृत्त झालेला एखादा हवालदार ठेवायचा, अशी रीत होती. बक यांच्या ध्यानात एक गोष्ट लवकर आली. एका माणसाने शंभर पोरांना खेळ शिकवला, तर शंभरच पोरे खेळतील. पण त्याने दहा शिक्षक तयार केले, तर ते दहा गावांत दहा मैदाने उभी करतील. म्हणून १९२० साली त्यांनी मूठभर विद्यार्थी घेऊन शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तीच पुढे मद्रासचे वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालय झाली. आजही ती उभी आहे, आणि तिची शंभरी उलटून गेली आहे.

महाविद्यालयातल्या खेळाच्या मुख्य प्रशिक्षकाचे काम काय असते? संघ निवडायचा, शिट्टी वाजवायची, चषक आणायचा, असे आपण समजतो. बक यांच्या कामाचा मोठा भाग याहून रुक्ष होता. मैदान आखायचे, जाळीची उंची मोजायची, आणि मुख्य म्हणजे नियम लिहून काढायचे. त्यांनी संकलित केलेले खेळांच्या नियमांचे पुस्तक आवृत्तीमागून आवृत्ती निघत देशभर शिक्षकांच्या हाती गेले. खेळ हा असा कागदावर उतरला, म्हणजेच तो एका गावाहून दुसऱ्या गावी न बिघडता जातो. आपल्या संस्थेतून त्यांनी एक नियतकालिकही चालवले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'व्यायाम'. परदेशी माणसाला हा आपला शब्द सुचावा, यातच त्याची वृत्ती दिसते.

१९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा मैदानी खेळांचा संघ गेला, तेव्हा त्याची जबाबदारी बक यांच्यावर होती. पदक एकही मिळाले नाही. पण त्या सुमारास हिंदी ऑलिंपिक संघटनेची जी जुळवाजुळव चालली होती, तिला त्यांच्यासारख्यांचे साहाय्य झाले. तिच्या अग्रभागी होते सर दोराबजी टाटा. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे गडी पाहून टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला होता. म्हणजे या कथेचा एक धागा आपल्या पुण्याच्या मातीतूनही निघालेला आहे.

महाराष्ट्रात त्याच काळात आणखी काही मास्तर याच कामाला लागले होते. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले. आणि आमच्या खानदेशात, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे प्राचार्य होते. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले. मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार सुरू केला तेव्हा त्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९३८ साली कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. मद्रासला बक यांनी जे ओळखले होते, तेच इथेही ओळखले गेले: आधी मास्तर घडवा, मग खेळाडू घडतील.

मॉर्गन १९४२ च्या डिसेंबरात वारले, बक १९४३ च्या जुलैत. पुढे जे घडले ते दोघांनीही पाहिले नाही. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ साली स्थापन झाला. १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघाने कांस्यपदक मिळवले, १९६२ साली जाकार्ताला रौप्य. १९६४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि तिथे जपानच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्यांतल्या बहुतेक मुली एका कापडगिरणीच्या संघातल्या होत्या. त्यांना घडवणारे दाइमात्सु हे प्रशिक्षक महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढून आलेले शिपाई होते. त्यांच्या कठोर सरावाची चर्चा जगभर झाली.

आपल्याकडे शिकवणाऱ्याचा सरकारी गौरव व्हायला बराच वेळ लागला. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार निघाला तो १९८५ साली. मध्ये चोवीस वर्षे गेली. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत हे मराठी नाव होते. व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षकाला, रमणा राव यांना, तो मान १९९० साली मिळाला.

ही चोवीस वर्षांची वजाबाकी करताना मला माझीच एक चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी खेळाचा तास सर्रास गणिताला घेत असे. मी मॅट्रिक झालेला माणूस. परीक्षेपलीकडे शाळेला काही काम असते, हे मला ठाऊक नव्हते. वर्गात मागे बसणारा एक पोरगा होता. मराठी त्याला परकी, घरची बोली वेगळी. वर्गात तो तोंड उघडत नसे. मैदानावर मात्र "सोड, माझा!" असे ओरडून तो चेंडू घेई आणि सगळे त्याचे ऐकत. मी तो तास काढून घेतला. महिन्याभरात त्याने शाळा सोडली. गुजरातकडे मजुरीला गेला, असे कळले. तासामुळेच गेला, असे मी म्हणत नाही. घरची गरिबी होतीच. पण शाळेत त्याला धरून ठेवणारी जी एक दोरी होती, ती मी कापली, हे मला नाकारता येत नाही.

तेव्हापासून मी खेळाचा तास कोणाला घेऊ देत नाही.

सातवीतल्या त्या पोराला मी ही सारी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे ते बकसाहेब स्वतः खेळायचे नाहीत? रेषेबाहेरच उभे राहायचे?"

"बहुतेक वेळ बाहेरच," मी म्हणालो. "कोणीतरी बाहेर उभे राहावे लागते, म्हणून आत खेळ चालतो."

त्याला ते कितपत पटले, कोण जाणे. चेंडू उचलून तो पळाला. मी मात्र रेषेबाहेर उभा राहिलो. घराघरांतून पणत्या लागू लागल्या होत्या. आणि अजून चेंडू दिसत होता, तोवर खेळ थांबवावा, असे कोणाच्याच मनात नव्हते.