शाळेची किल्ली कोणाच्या कमरेला?

शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण मास्तर, पुस्तकं, स्कॉलरशिप यांचं बोलतो. इमारतीचं कोणी बोलत नाही. दगडमातीला कसला आलाय इतिहास! पण दोस्तहो, आपल्याला अडवलं ते आधी दारात. म्हणून मी दाराचा इतिहास सांगतो.

जून 1856. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. सरकारनं नाही म्हटलं. का? तर एकाला घेतलं की बाकीची पोरं शाळा सोडतील. प्रकरण पार लंडनपर्यंत गेलं. 1858 साली मुंबई सरकारनं धोरण ठरवलं. जिचा सगळा खर्च सरकारचा, ती शाळा सर्वांना खुली. पण जिथं गावकऱ्यांनी वर्गणी घातलीय आणि त्यांचा विरोध आहे, तिथं खालच्या जातीचं पोर बसवायचा सरकारचा विचार नाही. फार तर अशा शाळेची मदत तोडण्याचा हक्क सरकारनं राखून ठेवला. म्हणजे ज्याची वर्गणी, त्याचं दार!

आता हिशेब मांडू. पुढं लोकल फंड आला. शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा पट्टी, तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाला. सारा जमिनीचा, पण जमिनीत घाम कोणाचा? 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं हेच सुनावलं. रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो. कमिशननं तत्त्व मानलं की जातीवरून कोणाला नाकारू नये. लगेच शेपूट जोडलं, जरा जपून, आणि वेगळ्या शाळाही काढा.

4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पैशातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा लोकल बोर्डं, म्युनिसिपालिट्यांच्या हाती गेल्या. ठराव कौन्सिलात, किल्ली गावात! 1926 साली बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला. ठराव न पाळणाऱ्यांची ग्रँट बंद करा.

कित्येक गावांत शाळेला इमारतच नव्हती, ती देवळात भरायची. देवळात आपल्याला मज्जाव, की शाळेतही मज्जाव. वेगळा नियम लिहायची गरजच काय?

1935 साली गुजरातेतल्या कविठा गावी आपल्या लोकांनी पोरं गावशाळेत नेली. बदल्यात मार मिळाला, बहिष्कार मिळाला, विहिरीत घासलेट मिळालं. कागद आपल्या बाजूचा होता. दार नव्हतं.

1962 साली जिल्हा परिषदा आल्या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांना दिल्या, त्यात वंचितांच्या आईबापांना प्रमाणात वाटा. आणि 2023 साली महाराष्ट्र सरकारनं दत्तक शाळा योजना काढली. देणगीदारानं मदत करावी, त्यानं सुचवलेलं नाव काही वर्षं शाळेला मिळावं. मला यात 1858 चा वास येतो. वर्गणीदार आला की मालकी येते, हे आपण दारात उभं राहून शिकलोय.

तेव्हा नुसत्या पटावर नाव लागलं म्हणून खूश होऊ नका. समितीत शिरा. ठरावाची वही मागा, वाचा. हॉल कोणाच्या कार्यक्रमाला मिळतो, जयंतीला का मिळत नाही, पाण्याचा नळ कुठं बसतो, खोली आधी कोणत्या वस्तीच्या शाळेला मिळते, हे तिथं ठरतं. इमारत आपल्या घामाची आहे. किल्लीही मागायला शिका.